कुंदन सरांचा निरोप आणि मुलींच्या संघाचा ठराव

विघ्नांचा भार हलका करणारा गजानन, वाणीला वळण देणारी शारदा आणि आपल्या काळ्या जमिनीला ओल देणारी सूर्यकन्या तापीमाई यांच्या कृपेने माझ्या जिभेला आज सत्य आणि संयम ही दोन्ही लाभोत. दोन्ही एकदम लाभणार नसतील, तर सत्य अगोदर लाभो. संयमाची भर मागाहून घालता येते.

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे अध्यक्ष सन्माननीय सुभाषचंदजी चोरडिया, नियामक मंडळाच्या ज्येष्ठ सदस्या आणि सुभाषचंदजींच्या भाभी आदरणीय हीराबाई, माननीय प्राचार्य महोदय, धुळ्याहून अगत्याने आलेले व्हॉलीबॉल प्रशिक्षक श्री. ललित देवरे, सत्कारमूर्ती श्री. कुंदन उखर्डू भंगाळे, त्यांच्या सहधर्मचारिणी सौ. मोहिनीताई, सहकारी प्राध्यापक, कार्यालयीन बंधुभगिनी, आजी-माजी खेळाडू आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, खुर्च्या रिकाम्या असूनही न बसलेल्या चौदा मुली. बाळांनो, बसा. माझे भाषण लांबते, हे तुमच्या मोठ्या बहिणींना विचारा.

निरोपाच्या भाषणाला एक ठरलेली वाट असते. सत्कारमूर्तीचे गुण सांगावेत, दोन हलके किस्से सांगावेत, उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो असे म्हणून खाली बसावे. ही वाट मला पाठ आहे. तेरा वर्षांपूर्वी याच व्यासपीठावर माझा निरोप झाला, तेव्हा मी अगदी तिथे, जिथे आज कुंदनराव अवघडून बसले आहेत, तिथेच बसून ती ऐकली होती. आज त्या वाटेने मी थोडा चालेन, थोडा वळेन. अध्यक्ष महोदयांनी आधीच क्षमा करावी.

कुंदनराव यावल तालुक्यातल्या केळीच्या पट्ट्यातले. वडील उखर्डूआबा केळीचे घड उतरवायला जात. मुलगा खांद्यावर घड घेण्याऐवजी हवेतल्या चेंडूकडे बघतो, ही त्यांची तक्रार. तो चेंडू त्याला विद्यापीठाच्या संघापर्यंत घेऊन गेला. त्या संघात जाळीजवळ डाव्या अंगाला कुंदनराव उभे राहत आणि त्यांना चेंडू उचलून देत ते हे ललितराव. एक जळगावचा, एक धुळ्याचा. एकाने उचलायचे, दुसऱ्याने मारायचे. पुढे दोघेही शारीरिक शिक्षण शिकले, दोघेही महाविद्यालयांत लागले, आणि पस्तीस वर्षे एकमेकांच्या विरुद्ध बाजूला शिट्टी गळ्यात अडकवून उभे राहिले. या व्यवसायाविषयी मी एकदा ललितरावांना विचारले होते की, खेळाडूचा प्रशिक्षक नेमका कधी होतो? ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "नाना, खेळाडू काही मरस नही. त्याना गळामा शिट्टी पडस, इतलंच." मी संस्कृत शिकवत असे. वैराग्यावर मी पुष्कळ वाचले आहे. परंतु मनातली आसक्ती जागी ठेवून केवळ देहाने बाजूला उभे राहण्याचे हे जे कठीण व्रत आहे, त्याचे इतके नेमके वर्णन मी पोथीत वाचलेले नाही.

घर कसे चालले, ते मोहिनीताई सांगतील. मघाशी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "नाना, नवरा माझा, पण त्याची पहाट मैदानाची. सकाळी साडेपाचला मी कधी त्याचं तोंड पाह्यलं नाही." मी म्हटले, आता उद्यापासून पाहाल. त्यावर त्या नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मी थोड्याच वेळात सांगणार आहे.

आता मला आपल्याला सोळा वर्षांपूर्वीच्या धुळ्याला न्यायचे आहे.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. मुलींचा संघ परगावी जायचा तर सोबत एक ज्येष्ठ प्राध्यापक हवा, असा आपल्याकडे नियम. सर्वांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. मला अडचण सांगायला उशीर झाला, म्हणून ग्रंथालयातल्या सुनंदाबाई आणि मी असे दोघे संघ-व्यवस्थापक म्हणून एसटीत चढलो. एरंडोल, पारोळे करीत धुळ्याला पोहोचेपर्यंत मला एवढे कळले होते की मैदानावर अकरा नव्हे, सहाच खेळतात. आपण हसता आहात. मुलीही हसल्या होत्या. सामना सुरू झाला की मी बाकावर बसून नामजप करीत असे, तेव्हा एकजण म्हणाली, "नाना, मनात म्हना ना. पंचाले वाटीन तुम्ही आमाले इशारे करता."

आपल्या संघाची कर्णधार होती कामिनी फेगडे. अंगावर अकरा क्रमांक. आज ती नशिराबादच्या शाळेत शिकवते, आणि ती या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसलेली आहे. बाकावरच्या राखीव मुलींत होती भूमिका. तिच्या अंगावर सात क्रमांक. शेवटच्या वर्षाला होती, तीन वर्षे प्रत्येक सरावाला हजर, आणि तीन वर्षांत स्पर्धेतला एकही गुण खेळलेली नाही.

अंतिम सामना यजमान धुळ्याच्या संघाशी, म्हणजे ललितरावांच्या मुलींशी. दोन सेट त्यांचे, दोन आपले. पाचवा आणि शेवटचा सेट पंधरा गुणांचा. समोर टेबलाशी विद्यापीठाच्या निवड समितीचे तीन सदस्य बसलेले. सामना संपताच ते विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची यादी करणार, आणि त्या संघाला प्रशिक्षक कोण, हेही ठरवणार. प्रशिक्षक म्हणून कुंदनरावांचे नाव जवळजवळ ठरलेले होते. खेळाडू म्हणून कामिनीचेही.

प्रत्येक सेटच्या आधी प्रशिक्षकाला आपल्या सहा खेळाडूंचे क्रमांक, उभे राहण्याच्या क्रमाने, एका चिठ्ठीवर लिहून पंचांकडे द्यावे लागतात. ही चिठ्ठी एकदा दिली की परत मिळत नाही. कुंदनरावांनी ती लिहिली आणि दिली. मुली मैदानात गेल्या. दुसरे पंच चिठ्ठी हातात घेऊन एकेकीचा क्रमांक ताडून पाहू लागले, आणि जाळीजवळ डाव्या अंगाला, कामिनीपाशी येऊन थांबले. म्हणाले, "सर, इथे अकरा उभी आहे. तुम्ही सात लिहिलंय."

कुंदनरावांनी वाकून चिठ्ठी पाहिली. सातच होता. तो सात कुठून आला? सभाजनहो, ती जागा ज्यांची स्वतःची जागा होती, त्या जागेवर उभे राहून ज्यांनी आपल्या तारुण्यातली सहा वर्षे सात क्रमांकाची बनियन घातली, त्यांच्या हाताने, शेवटच्या सेटच्या घाईत, कामिनीच्या जागी स्वतःचा जुना क्रमांक लिहिला होता. ही चूक मला होणे शक्य नव्हते. कोणत्याही लेखनिकाला होणे शक्य नव्हते. ही चूक केवळ अशाच माणसाला होते, जो बाकावर बसूनही मनाने जाळीपाशी उभा असतो. पलीकडून ललितरावांना प्रकार कळला. तुझा हात अजून खेळतोच आहे, अशा अर्थाने ते मोठ्याने म्हणाले, "कुंदन, तुना हात आजून खेळी ऱ्हायना रे!"

उपाय सोपा होता. नियमात बदली बसते. सातच्या जागी अकरा, असे सांगायचे, पंचांनी लिहून घ्यायचे आणि खेळ सुरू. ललितरावच ओरडून सांगत होते, बदली घे म्हणून. कुंदनरावांनी हात वर करायलाही सुरुवात केली होती. पण आपला क्रमांक ऐकून भूमिका बाकावरून उठली होती. जर्सीवरचे जाकीट तिने काढले होते, त्याची घडी घालून ते माझ्या मांडीवर ठेवले होते आणि ती रेषेपाशी जाऊन उभी राहिली होती. आपण खेळणार, असे तिला वाटले होते.

पंच म्हणाले, "काय करता, सर? लवकर."

बोलली ती कामिनी. "सर, ती उभी राह्यली. आता तिले बसवू नका." आणि कुणाच्या परवानगीची वाट न पाहता ती मैदानाबाहेर आली. येताना भूमिकेच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "सर्विस खोल मार. घाबरली तर मले बोलाव."

भूमिका खेळली. चार सर्विस तिने अशा मारल्या की समोरच्या मुलींचे हात चेंडूला लागले पण चेंडू परत आला नाही. आठाला सहा असे आपण पुढे होतो. पुढे तिच्याकडून दोन चेंडू सुटले, मग आणखी एक. नऊला अकरा असे मागे पडलो, तेव्हा कुंदनरावांनी कामिनीला आत घेतले. तिने चार गुण मिळवले. ते पुरले नाहीत. तेराला पंधरा असा सामना धुळ्याने जिंकला.

त्याच संध्याकाळी यादी लागली. कामिनीचे नाव त्यात नव्हते. निवड समितीतले एक गृहस्थ माझ्याच शेजारी चहा पीत होते. म्हणाले, "कर्णधाराला शेवटच्या सेटला बाहेर बसवलं, म्हणजे प्रशिक्षकालाच तिचा भरवसा नव्हता."

येथपासूनचे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. कुंदनराव मला खुणेने थांबवत आहेत. कुंदनराव, आपण माझ्याहून तेरा वर्षांनी लहान आहात. हात खाली घ्या.

परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले. पिशवीतून कागद काढून, गाडीच्या धक्क्यांत, त्यांनी निवड समितीला पत्र लिहायला घेतले. पारोळ्याच्या थांब्यावर त्यांनी मला ते वाचून दाखवले. त्यात लिहिले होते की, कर्णधार कामिनी फेगडे हिला बाहेर बसवण्याचा निर्णय नव्हता. मी चिठ्ठीत माझा स्वतःचा जुना क्रमांक लिहिला. चूक संपूर्ण माझी आहे. तिचा पुनर्विचार व्हावा.

मी घाबरलो. मी म्हणालो, हे पत्र गेले तर आपण थट्टेचा विषय व्हाल. ज्याला आपल्या खेळाडूचा क्रमांक आठवत नाही, त्याच्या हाती विद्यापीठाचा संघ कोण देईल? आणि, मला सांगायला लाज वाटते, मी त्यांना शास्त्र सांगितले. मौनाने सर्व अर्थ साधतात, असे जे जुने वचन आहे, ते मी त्यांना पदच्छेद करून समजावले.

कुंदनराव म्हणाले, "नाना, तुमच्या वर्गात ते बरोबर आहे. पण मी गप बसलो तर चूक तिच्या नावावर राहते."

जळगावच्या स्थानकावर उतरल्यावर ते घरी गेले नाहीत. आधी पत्राच्या पेटीकडे गेले.

पुढे काय झाले? यादी बदलली नाही, कारण यादी लागलेली होती. प्रशिक्षकपद मात्र बदलले. कुंदनरावांचे नाव मागे घेऊन ललितरावांना ते दिले गेले, आणि दोन वर्षे जिथे तिथे सामना असला की कुणीतरी कुंदनरावांना विचारी, "काय सर, आज किती नंबर लिहिला?" ते हसून मैदानाच्या चुन्याच्या रेषा आखायला वळत. मी बाजूला उभा असे. मी तेव्हाही काही बोललो नाही. शास्त्र मला पाठ होते ना!

आज दुपारी ललितराव मला म्हणाले, "ती जागा मनी नव्हती, नाना. त्यानी सोडी, म्हनीसन माले भेटनी." म्हणजे, ती जागा माझी नव्हती, त्याने सोडली म्हणून मला मिळाली. तीस-पस्तीस वर्षे जो आपल्याला हरवण्यासाठी झटला, त्याने दिलेले हे प्रमाणपत्र. याहून मोठे मानपत्र आपल्या संस्थेला छापता येणार नाही, मग त्याला कितीही सोनेरी चौकट लावा.

आणि कामिनी? आज सकाळी मी मुद्दाम मैदानावर गेलो होतो. गेली कित्येक वर्षे ती नशिराबादहून पहाटे येते, सराव घेते आणि मग आपल्या शाळेला जाते. मी तिला विचारले, "बाई, तुझे नाव ज्यांच्या चुकीने गेले, त्यांच्या मैदानावर तू का येतेस?" ती म्हणाली, "राग व्हता ना, नाना! दोन वर्षे मी सरांशी बोलली नाही. मले वाटे, सरांनी तो सात मुद्दाम लिहिला. मंग ललित सरांनी समितीकडचं ते पत्र दाखवलं. सरांनी स्वतः कधी तोंडातून काढलं नाही." मी म्हटले, मग तू काय केलेस? "काय करू? दुसऱ्या दिवशी साडेपाचला येऊन उभी राह्यली. वाटलं, सर काही बोलतीन. तर म्हणे, उशीर झाला, जाळी बांध."

सभाजनहो, गुरूने शिष्याकडून पराजयाची इच्छा धरावी, असे आपले पूर्वज सांगत. कुंदनरावांनी ती धरली आहे. सहा महिन्यांपासून त्यांचा एकच अर्ज कार्यालयात पडलेला आहे. त्यांना सोन्याची अंगठी नको, शाल नको. मुलींच्या संघाची जबाबदारी कामिनी फेगडेला लेखी द्यावी, एवढेच त्यात आहे. कार्यालयाचे उत्तरही मला ठाऊक आहे. कुंदनरावांच्या जागी नवीन नेमणुकीची मंजुरी अद्याप नाही, सबब यंदा मुलांचाच संघ पाठवावा आणि मुलींच्या संघाला एक वर्ष विश्रांती द्यावी.

विश्रांती! या चौदा जणींना विचारा, कोण दमले आहे ते. यांतल्या पाचजणी शेवटच्या वर्षाला आहेत. एक वर्षाची विश्रांती म्हणजे त्यांच्यापुरती कायमची. आणि पुढच्या वर्षी ज्या मुलींना मैदानावर कुणी उभे दिसणार नाही, त्या येणार तरी कशाला? आज संध्याकाळी कार्यालय बंद होताच कुंदनरावांचा अधिकार संपतो. स्पर्धेची प्रवेशिका शनिवारी दुपारी बंद होते. त्यावर प्रशिक्षकाची सही लागते, आणि प्रशिक्षक कोण ते सांगणारा संस्थेचा कागद लागतो. मोहिनीताई का हसल्या, ते आता आपल्याला कळले असेल. कागद असो वा नसो, हा माणूस उद्या पहाटे तिथे असणारच. पण सही करण्याचा अधिकार नसलेला माणूस मुलींना स्पर्धेला नेऊ शकत नाही.

कामिनीला मी शेवटी विचारले, तू संघ घेशील का? तिचे उत्तर जसेच्या तसे सांगतो. "घेईन. पन सरांवर उपकार म्हणून नाही, नि माझ्यावर दया म्हणून नाही. कागद पाह्यजे. कागदाशिवाय पोरींले मी काय सांगू?"

अध्यक्ष महोदय, आपल्याकडे कोणत्याही सभेच्या आरंभी अध्यक्षपदाची सूचना मांडली जाते आणि कुणीतरी तिला अनुमोदन देते. मघाशी आपल्याही नावाची सूचना आणि अनुमोदन झाले, टाळ्या वाजल्या. सूचक आणि अनुमोदक या दोन साध्या माणसांच्या बळावर आपल्या सगळ्या संस्था उभ्या आहेत. त्या प्रथेला स्मरून, नियामक मंडळाचा सदस्य या नात्याने, मी ठराव मांडतो: आजपासून मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या प्रशिक्षक म्हणून श्रीमती कामिनी फेगडे यांची नियुक्ती करण्यात यावी आणि त्यांच्या सहीने यंदाची प्रवेशिका भरण्यात यावी. सूचक मी. अनुमोदक कोण?

आपण म्हणता, सोमवारच्या बैठकीत घेऊ. सुभाषचंदजी, आपल्या घराण्याचा शब्द जळगावच्या बाजारात कागदाहून पक्का मानतात, हे मी जाणतो. पण शनिवार सोमवारच्या आधी येतो, आणि हे पंचांग मी बदलू शकत नाही.

प्राचार्य महोदय, आपण खाली पाहू नका. हा आपल्यावर आरोप नव्हे. आपण नियमाने बांधलेले आहात. पण मंडळाचे तीन सदस्य या क्षणी या व्यासपीठावर आहेत, आणि तातडीच्या ठरावाला तिघे पुरतात, हा नियमही आपल्याच घटनेत आहे. काल रात्री मी तो दोनदा वाचला.

हीराबाईंचा हात वर आहे. त्या काय म्हणत आहेत ते मागे ऐकू गेले नसेल, मी सांगतो. "अनुमोदन माझं. लिहून घ्या, आणि माझ्या दिराला पेन द्या."

सुभाषचंदजी म्हणतात, "भाभींनी म्हटलं म्हणजे झालं, नाना. मंजूर. पण तुम्ही आता बसा!"

बसतो. बसतो, पण टाळ्या थांबवा, आणि प्राचार्य महोदयांना कोरा कागद द्या. ललितराव, आपण धुळ्याहून आला आहात, साक्षीदार म्हणून आपली सही चालेल. आणि कामिनी, तू उठून पुढे ये. नाही, कुंदनरावांच्या पाया पडायला नव्हे. ते नंतर. आधी त्या कागदावर तुझे पूर्ण नाव लिहून दे. यावल तालुक्यातले आडनाव कार्यालयात नेहमी चुकते.

आयोजकांनी मला बोलावले आणि घड्याळाकडे न पाहता बोलू दिले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. अध्यक्षांनी, भाभींनी, ललितरावांनी माझा आगाऊपणा सोसला, त्यांचे आभार. निरोपाच्या मंगल प्रसंगी कार्यालयीन विषय काढून मी शिष्टाचार मोडला असेल, कुणाचे मन दुखावले असेल, तर ती चूक सर्वस्वी माझी समजावी आणि वृद्धाला पदरात घ्यावे.

कुंदनराव, आपला देह निरामय राहो. कामिनी, तुझ्या मुलींचे हात जाळीच्या वर पोहोचोत. ज्यांनी हे ऐकले, आणि वार्षिकांकात पुढे कधी जे वाचतील, त्या सर्वांना भगवंत ऐन वेळी खरे बोलण्याचे बळ देवो. आणि ते बळ यायला माझ्यासारखी सोळा वर्षे न लागोत. शुभं भवतु.